नरसीची पंगत आणि घरचे भरले कारले

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी आईला घेऊन नरसी नामदेवला जाऊन आलो. आपण बौद्ध माणसे. नवससायासासाठी कुठे जाण्याचा प्रश्नच नाही. परंतु चोखोबांना ज्यांनी आपले मानले, त्या नामदेवांचे गाव एकदा पाहावे असे बरेच दिवस मनात होते. परमपूज्य बाबासाहेबांनी 1948 साली प्रसिद्ध झालेला ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला आहे, हे वाचकांना ठाऊक आहेच.

हिंगोलीहून एस.टी.ने निघालो. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झालेला हा आपला जिल्हा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीन आणि मधूनमधून हळदीचे हिरवे पट्टे. कयाधू नदीच्या काठी नरसी वसले आहे. नामदेवांचा जन्म 1270 सालचा, शिंप्याच्या घरातला, असे परंपरा सांगते. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून चोखोबा दगावले, तेव्हा त्यांच्या अस्थी नामदेवांनी पंढरपूरला नेल्या, अशीही परंपरा आहे. समाधी झाली ती मात्र देवळाच्या दाराबाहेर, नामदेव पायरीसमोर. ते दार अस्पृश्यांना उघडायला 1947 साल उजाडावे लागले, तेही साने गुरुजींच्या उपोषणानंतर. एवढा इतिहास मी आईला एस.टी.त सांगितला. ती म्हणाली, “म्हंजे मेल्यावर बी भायेरच.” त्यावर मला काही बोलता आले नाही.

नरसीला गुरुद्वारा आहे. नामदेव उत्तरेत फिरले. पंजाबातील घुमान गावी त्यांचा दीर्घकाळ मुक्काम होता, असे मानतात. त्याच घुमानला एप्रिल 2015 मध्ये 88 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची 61 पदे आहेत. म्हणून पंजाबची माणसे इतक्या दूरवरून या लहानशा गावी येतात.

दुपार झाली होती. डोक्यावर रुमाल बांधून आम्ही आत गेलो. एका सेवेकऱ्याने हात जोडून लंगरमध्ये जेवून जाण्याचा आग्रह केला. आई दाराशीच थबकली. मला कारण माहीत होते. तिच्या लहानपणी गावजेवणाला आपल्या माणसांची पंगत गोठ्यापलीकडे, सगळ्यांच्या शेवटी बसे. वाढणारा अंतर राखून वरूनच भाकरी टाकी. एकदा तिची भाकरी मातीत पडली. ती उचलून, झटकून खाल्ली, हे तिने आम्हा भावंडांना एकदाच सांगितले. तेव्हापासून विहारातल्या भोजनदानाखेरीज कोणत्याही सार्वजनिक पंगतीला ती बसलेली नाही. लग्नकार्यातही घरून डबा खाऊन निघणारी माझी आई!

मी म्हणालो, “आई, नको वाटत असेल तर जाऊ परत.” तिने आत पाहिले. लांब पट्ट्यांवर ट्रकड्रायव्हर, शाळकरी पोरे, फेटेवाले शेतकरी, पंजाबी बायका एकाच रांगेत बसल्या होत्या. ती काही न बोलता जाऊन बसली. वाढणारा तरुण वाकून, दोन्ही हातांनी रोटी देत होता. आईने ती दोन्ही हातांत घेतली.

ही पद्धत गुरू नानकांपासूनची. तिसरे गुरू अमरदास यांनी आधी पंगत, मग भेट असा दंडकच घातला. अर्थात, आपण डोळे मिटून काही स्वीकारू नये. पंजाबच्या कित्येक गावांत आजही दलितांचे गुरुद्वारे वेगळे आहेत. बाबासाहेबांनी 1936 साली शीख धर्माचाही विचार केला होता, पण अखेर 1956 साली आपल्याला बुद्धाच्या धम्माकडे नेले. तरीही चांगली गोष्ट दिसली तर तिला चांगली म्हणावे.

खीर वाढायला आली तेव्हा आईने हात आडवा धरला. शेजारच्या वयस्क पंजाबी बाईंनी हिंदीत कारण विचारले. मी सांगितले, आईला दहा वर्षांपासून मधुमेह आहे. त्यावर त्यांनी विचारले, “बहनजी, करेले खाती हो?” आईने तोंड वाकडे केले. आपल्याकडे भरल्या कारल्यात दाण्याचे कूट, खोबरे आणि वर गुळाचा खडा. गूळ बंद झाल्यापासून आईने कारलेच सोडले होते. जेवणानंतर त्या बाई रोट्या लाटायला बसल्या. आईही शेजारी बसली आणि मला त्यांनी पीठ मळायला लावले. तिथे पुरुषही रोट्या भाजत होते. लाटता लाटता त्यांनी आपल्या घरची रीत सांगितली. ती मी बसच्या तिकिटामागे टिपून घेतली.

अर्धा किलो मध्यम, कोवळी कारली घ्यावीत. वरची साल खरवडून बाजूला ठेवावी, टाकू नये. एका बाजूने चीर देऊन निबर बिया काढाव्यात. आतबाहेर मीठ-हळद चोळून पाऊण तास ठेवावे. मग दोन पाण्यांनी धुऊन घट्ट पिळावे. रक्तदाब असणाऱ्यांनी हे मीठ नीट धुवावे. सारणासाठी दोन बारीक चिरलेले कांदे, दोन चमचे भरड बडीशेप, दोन चमचे धनेपूड, एक चमचा जिरेपूड, हळद, तिखट, एक चमचा आमचूर आणि बेताचे मीठ. एक चमचा तेलावर कांदा व पिळलेली साल परतून त्यात दोन मोठे चमचे भाजलेले डाळीचे पीठ व मसाला मिसळावा. सारण भरून कारल्याला दोरा गुंडाळावा. त्यांच्याकडे पुष्कळ घरी ती तेलात तळतात. आम्ही लोखंडी कढईत दोन चमचे करडईचे तेल घालून, झाकण ठेवून, मंद आचेवर पंचवीस मिनिटे फिरवत शिजवतो. गुळाचे काम आमचूर आणि बडीशेप करतात.

एक सूचना आवश्यक आहे. कारले म्हणजे औषध नव्हे. गोळ्या-इन्सुलिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. बाबासाहेबांनाही मधुमेहाने जर्जर केले होते. आपल्या वस्त्यांत हा आजार आता घरोघरी आहे आणि आपण मात्र पाव-बटाटेवड्यावर दिवस काढतो.

आता दर रविवारी आमच्याकडे कारली भरण्याचे काम माझे. सुरुवातीला पत्नी हसली, मुलगा लाजला. दिवसभर समतेची भाषणे करून घरी आयत्या ताटावर बसणारे आम्ही कार्यकर्ते! नरसीत पीठ मळताना मला माझीच लाज वाटली होती. आता मुलगाही दोरा गुंडाळायला बसतो, आणि सगळे एकदमच जेवतो. बायकांनी मागून जेवायचे हे आमच्या घरात बंद झाले.

मागच्या पौर्णिमेला विहारात भोजनदान होते. आईने पाच किलो कारली आणायला लावली. बायाबापे मिळून सर्वांनी ती भरली. पंगत बसल्यावर आई स्वतः वाढायला उठली. गुडघे दुखतात, तू बस, असे मी म्हणालो. ती म्हणाली, “न्हाई रे लेकरा. वाकूनच वाढायचं आसतं.”

जयभीम!