त्रिनिदादमधले सात दिवस आणि एक आजी

मुलाने फोनवर सांगितलं, "बाबा, तुम्ही दोघं एप्रिलात इकडे असाल, तेव्हा सगळे मिळून कॅरिबियनला जाऊन येऊ." सौ.ने विचारलं, "तिथे आहे काय?" तो म्हणाला, "समुद्र, नारळाची झाडं, वाळू." त्यावर ही म्हणाली, "अरे, मग आपलं गुहागर काय वाईट आहे? चिपळूणहून एस.टी. सुटते."

मी मात्र बेटाचं नाव ऐकताच हो म्हणून मोकळा झालो. त्रिनिदाद! माझ्या पिढीतल्या लोकांना कारण सांगायला नको. मार्च १९७१. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि अभ्यास सोडून बाकी सगळं करत होतो. पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर आपण वेस्ट इंडीजला सात गडी राखून हरवलं. कसोटीत त्यांना हरवण्याची ती पहिलीच वेळ. कप्तान आपले वाडेकर, सरदेसाईंचं शतक, आणि माझ्याच वयाचा एक मुलगा पहिल्याच कसोटीत ६५ आणि नाबाद ६७ करून गेला. त्याचं नाव सुनील गावसकर. वर्तमानपत्रातली ती कात्रणं मी वहीत चिकटवली होती. वही पुढे २००५ च्या पुरात गेली. असो.

तर २०२४ च्या एप्रिलात आम्ही न्यू जर्सीहून निघालो. मी आणि सौ., मुलगा, सूनबाई आणि तेरा वर्षांचा नातू. निघण्याच्या दोन दिवस आधी एक गोष्ट घडली होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. जेवताना मी नातवाला काहीतरी विचारलं. त्याने नेहमीप्रमाणे इंग्रजीत उत्तर दिलं. छत्तीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस मी. पटकन बोलून गेलो, "याला मराठी येत नाही म्हणजे आपलं एक घर बंद झालं म्हणायचं." मुलगा ताटात बघत राहिला. सूनबाई उठून स्वयंपाकघरात गेली. तिने पाच वर्षं दर रविवारी पाऊण तास गाडी चालवून त्याला मराठी शाळेत नेलं होतं, हे मला रात्री सौ.ने सांगितलं. "तुम्हाला माहीत नव्हतं तर विचारायचं होतं," एवढंच म्हणाली आणि दिवा मालवला.

त्यामुळे विमानात आम्ही पाचही जण एकमेकांशी फार सभ्यपणे बोलत होतो. ज्यांच्या घरात असं होतं त्यांना हा सभ्यपणा ओळखता येईल.

पहिल्या सकाळी मी हट्टाने ओव्हलवर गेलो. सामना नव्हता, पण फाटकावरच्या गृहस्थांना मी भारतातून आलोय आणि १९७१ म्हटल्यावर त्यांनी आत सोडलं. मागे हिरव्या डोंगरांची रांग, तिच्यावर ढग. आमच्या परशुराम घाटाकडे पाहिल्यासारखं वाटलं. गावसकरवर तिथल्या लॉर्ड रिलेटर नावाच्या गायकाने कॅलिप्सो गाणं केलं होतं. ते फाटकवाल्यांनी गुणगुणून दाखवलं आणि मला भरून आलं. नातवाने शांतपणे विचारलं, वाडेकर कोण? मी सांगितलं. त्याला ते फारसं पोचलं नाही. त्यात त्याची काय चूक!

खाण्याचं सांगायलाच हवं. तिथे सकाळी रस्त्याकडेला 'डबल्स' मिळतं. तळलेले दोन मऊ बारा (आपल्या भटुऱ्याचा धाकटा भाऊ समजा), मध्ये छोल्यांसारखी चण्याची पातळ भाजी, वर चटणी. कागदात गुंडाळून देतात आणि उभ्यानेच खायचं. विकणारा एकच प्रश्न विचारतो, पेपर किती? पेपर म्हणजे मिरीपूड नव्हे, तिथल्या लवंगी-बापाची मिरची. जपून खाणाऱ्याने 'स्लाइट' म्हणायचं. मी कोकणातला म्हणून ऐटीत "भरपूर" म्हटलं. पुढचा अर्धा तास मी काही बोललो नाही, आणि सूनबाई त्या दोन दिवसांत पहिल्यांदा हसली.

डाळपुरीत पुरणासारखीच डाळ भरतात, पण गूळ नसतो, जिरं असतं. वांग्याच्या भरताला 'बैगन चोखा' म्हणतात. मराकस नावाच्या किनाऱ्यावर तळलेल्या पावात शार्क भरून देतात. सौ. आधी घाबरली. मी म्हटलं, "अगं, शार्क म्हणजे आपली मोरी." मग तिने एक संपवून दुसरा मागवला.

ही सगळी नावं तिथे आली कशी, ते इतिहासात आहे. गुलामगिरी बंद झाल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. ३० मे १८४५ ला 'फातेल रझाक' हे जहाज कलकत्त्याहून पहिले करारमजूर घेऊन पोचलं. १९१७ पर्यंत अशी १ लाख ४० हजारांहून अधिक माणसं आली. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडची, काही मद्रासकडून. करार पाच वर्षांचा. पुष्कळ जण परतलेच नाहीत. आजही ३० मे ला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. ही माणसं आपल्या भागातली नव्हेत, तेव्हा उगाच नातं सांगण्यात अर्थ नाही, असं मी मनाशी ठरवूनच गेलो होतो.

बघण्यासारखं पुष्कळ आहे. ला ब्रेआचं डांबराचं तळं तर मी भूगोलाच्या तासाला (बदली शिक्षक म्हणून) शिकवलं होतं. शंभर एकरांच्या आसपास पसरलेलं, वरून हत्तीच्या कातडीसारखं सुरकुतलेलं, आणि त्यावरून चालता येतं. मात्र वाटाड्या बरोबर हवा, कारण काही ठिकाणी पाय रुततो. १५९५ मध्ये वॉल्टर रॅलेने याच डांबराने आपली जहाजं लिंपली होती. नातू चप्पल रुतवून आला. संध्याकाळी कारोनीच्या दलदलीत नावेने गेलो. तिवरांच्या मधून अरुंद पाण्यातून नाव जाते, मग मोकळं पाणी येतं आणि नावाडी यंत्र बंद करतो. सूर्य कलला की लाल शराटी पक्षी, स्कार्लेट आयबिस, थव्याथव्याने मुक्कामाच्या झाडांवर उतरतात. खेकडे-कोळंब्या खाऊन त्यांना हा रंग चढतो, पिल्लं करडीच असतात. हिरवं झाड बघता बघता पांगाऱ्यासारखं लाल झालं. नावेत कोणी बोलत नव्हतं, आणि आमच्या पाच जणांची शांतताही त्यात खपून गेली.

पाचव्या दिवशी वॉटरलूला गेलो. तिथे समुद्रात एक देऊळ आहे. शिवदास साधू नावाच्या मळ्यातल्या मजुराने १९४७ मध्ये किनाऱ्यावर देऊळ बांधायला घेतलं. जमीन साखर कंपनीची निघाली. १९५२ मध्ये देऊळ पाडलं, त्याला चौदा दिवसांची कैद आणि दंड झाला. बाहेर आल्यावर तो म्हणाला, जमीन नाही तर समुद्रात बांधतो. ओहोटीला चिखलात उतरायचं, सायकलवरून दगड आणि सिमेंट न्यायचं, असं त्याने वर्षानुवर्षं केलं. त्याच्यामागे ते अर्धवटच राहिलं होतं. १९९५ मध्ये सरकारने पुरं केलं. आता तिथवर पक्की वाट आहे. किनाऱ्यावर बांबूंना लाल-पिवळ्या झंड्या लावलेल्या, शेजारीच स्मशान, आणि ओहोटीच्या चिखलात बगळे.

देवळाच्या पायरीवर एक बाई फुलं निवडत बसल्या होत्या. वय माझ्याइतकंच असेल. मी हिंदीत बोलायला लागलो तर त्या हसल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, मला हिंदी येत नाही हो. आईला थोडी कळायची. मग म्हणाल्या, "माय आजी, शी कुड टॉक. शी युज्ड टू क्राय इन इट."

नातू लांब उभा राहून फोनमध्ये बघत होता. तो एकदम वळला. "आजोबा, शी सेड आजी."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण खरंच, त्यांच्याकडे वडिलांचे आईवडील म्हणजे आजा-आजी, आणि आईचे नाना-नानी. भोजपुरीतून आलेले शब्द. सौ. तिथेच पायरीवर बसली. त्या बाईंना म्हणाली, "मी याची आजी." हे इंग्रजीत सांगायचं होतं, पण मराठीतच म्हणाली, आणि त्यांना कळलं.

मग दोघींचं सुरू झालं. वस्तू हाताने दाखवायची आणि नाव सांगायचं. तवा, दोघींचा एकच. लोटा, एकच. लाटण्याला त्या बेलना म्हणाल्या. पूजा, डाळ, भाजी. नातू मध्ये बसून मोजत होता. पळीला त्यांच्याकडे कलछुल म्हणतात म्हटल्यावर तो आपल्या आजीला म्हणाला, "पळी!" हा शब्द त्याला ठाऊक आहे हे मला माहीत नव्हतं. मग त्याने स्वतःहून चमचा, झारा, उलथनं, वरवंटा अशी रांग लावली. वरवंटा त्याने कुठे पाहिला असेल? सूनबाई हळूच म्हणाली, "मराठी शाळेत चित्रं होती, बाबा."

मी काही बोललो नाही. त्या बाईंचे पणजोबा-खापरपणजोबा बोटीतून उतरले तेव्हा त्यांच्याकडे पूर्ण भाषा होती. आज बाईंकडे वाक्य एकही नाही. पण चूल, देव आणि आजी एवढे शब्द आहेत, आणि त्यांना ती बंद घराची किल्ली वगैरे वाटत नाही. त्या ते रोज वापरतात. मास्तर म्हणून मी वाक्यं तपासत बसलो होतो. कोण जाणे, नातवाच्या नातवाकडे काय उरेल. वरवंटा उरला तरी मला चालेल, असं मी त्या पायरीवर ठरवलं, जरी पूर्ण समाधान झालेलं नाही. खोटं कशाला बोलू.

शेवटचे दोन दिवस टोबॅगोला काढले. पाणी इतकं नितळ की काचेच्या तळाची बोट नसती तरी चाललं असतं. मुलगा आणि नातू पोहले, आम्ही दोघं नारळाखाली बसलो आणि सौ.ने कबूल केलं की गुहागरपेक्षा जरा बरं आहे. जरा.

न्यू जर्सीला परतल्यावर सकाळी सूनबाई चहा करत होती. मी म्हटलं, "त्या दिवशी मी बोललो ते चुकलं. तू एवढं केलंस हे मला माहीत नव्हतं." ती म्हणाली, "मला फार लागलं होतं, बाबा." मग थोड्या वेळाने, "आलं घालू का?" मी घाल म्हटलं.

रात्री सौ.ने पिठलं-भाकरी केली, बरोबर ठेचा. नातवाने ताट पुढे केलं आणि म्हणाला, "आजी, ठेचा स्लाइट."