नगर दाखवताना

नगरमध्ये राहून आम्ही मुलांना नगर दाखवलं नव्हतं. सुट्टी आली की शेवगावला कुणाचं तरी लग्न असायचं, नाही तर संगमनेरला कुणाची छट्टी. किल्ला, रणगाडे, चांदबिबीचा महाल हे सगळं बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांसाठी, असंच आम्ही धरून चाललो होतो. गेल्या हिवाळ्यात मात्र तिसरीतला थोरला शाळेतून आला आणि दप्तर न उतरवताच विचारू लागला, "आपण कुठून आलो?" बाकावरच्या मित्राने त्याला सांगितलं होतं की तुम्ही लोक बाहेरून आलात. भांडण वगैरे काही नव्हतं. डबाही दोघांनी एकत्रच खाल्ला होता. मित्राने घरी ऐकलेलं सहज सांगितलं आणि आमचा मुलगा तितक्याच सहज ते घरी घेऊन आला.

त्या रात्री आम्ही दोघांनी ठरवलं, शनिवार-रविवार मुलांना फिरवायचं. नाव सहलीचं, पण मनात तयारी वकिलाची चालली होती. शेजाऱ्यांची ओम्नी सांगून ठेवली. थोरला, पाच वर्षांची मधली, कडेवरची धाकटी आणि दुखरे गुडघे सांभाळत निघालेल्या अम्मी, अशी सगळी वरात. मोठ्या दोघांच्या दाखल्यावर जन्मगाव अहमदनगर आहे. धाकटी २०२५ मधली, तिच्या दाखल्यावर अहिल्यानगर. ऑक्टोबर २०२४ मध्ये नाव बदललं, त्यामुळे एका गोधडीत झोपणारी भावंडं कागदावर दोन गावची झाली. अम्मींना त्याचं काही नाही. त्या आधीही 'नगर'च म्हणायच्या, आताही 'नगर'च म्हणतात.

शनिवारची अर्धी शाळा सुटल्यावर रणगाड्यांचं संग्रहालय गाठलं. १९९४ साली सुरू झालेलं हे संग्रहालय बघायला कुठून कुठून लोक येतात आणि आम्ही त्यावरून शेकडो वेळा नुसते गेलेलो. थोरला एका रणगाड्यावरून दुसऱ्याकडे पळत होता. पाकिस्तानकडून जिंकून आणलेला पॅटन दिसताच आम्ही त्याला दंडाला धरून थांबवलं आणि हवालदार अब्दुल हमीदची गोष्ट सुरू केली. सप्टेंबर १९६५, खेमकरणचा भाग, जीपवर बसवलेली तोफ, एकामागून एक उडवलेले पॅटन, तिथेच आलेलं मरण आणि मग परमवीरचक्र. सांगता सांगता आवाज जरा चढला असावा. शेजारून जाणारं एक कुटुंब थांबून ऐकू लागलं. तेव्हा आमच्या ध्यानात आलं की गोष्ट आम्ही मुलाला सांगत नव्हतो, त्या उभ्या राहिलेल्या माणसांना सांगत होतो. त्यांनी बिचाऱ्यांनी काही विचारलंही नव्हतं! ते हसून पुढे गेले. थोरल्याने विचारलं, "ह्याच्यात ड्रायव्हर शिरतो कुठून?"

अम्मी बाकावर बसून सगळं ऐकत होत्या. परत निघताना म्हणाल्या, "उस बच्चे का बाप क्या करता था?" वडील शिंपी होते, आम्ही सांगितलं. "दर्जी का बेटा," असं म्हणून त्यांनी मान हलवली आणि गाडीत बसल्या.

रविवारी सकाळी किल्ला. ओळखपत्रं दाखवून, नावं लिहून आत गेलो. खंदक बघून मधलीने मगर आहे का विचारलं आणि नाही म्हटल्यावर तिचा किल्ल्यातला रस संपला. ऑगस्ट १९४२ मध्ये नेत्यांना आणून डांबलं त्या खोल्यांपाशी आलो. नेहरूंनी १९४४ मध्ये इथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं, हे थोरल्याला पुस्तकातून माहीत होतं. मौलाना आझादही इथेच होते, काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून पकडलेले, हे माहीत नव्हतं. इथेही आम्ही भाषणाच्या बेतात होतो. पण मधली कंटाळून रडायच्या घाईला आली होती, म्हणून अध्यक्षपद बाजूला ठेवून चिमण्यांची गोष्ट सांगितली. मौलानांच्या खोलीत चिमण्यांनी धुमाकूळ घातला होता. आधी त्यांनी छत्री घेऊन चिमण्यांना हाकललं. मग हरले आणि दाणे टाकू लागले. हळूहळू चिमण्या इतक्या धीट झाल्या की जवळ येऊन बसायच्या. हे सारं त्यांनी न पाठवलेल्या पत्रांतून लिहून ठेवलं. 'गुबारे खातिर' ते हेच.

त्याच पत्रांत त्यांच्या बेगमच्या मृत्यूचंही आहे. एप्रिल १९४३. जुलेखा बेगम कलकत्त्याला आजारी होत्या, हे इथे कैदेत. त्यांना भेटता यावं म्हणून सरकारपुढे अर्ज करायचा नाही, हे मौलानांनी ठरवलं आणि शेवटची भेट झालीच नाही. हे आम्ही मुलांना सांगितलं नाही. आम्ही दोघं मात्र त्या दारापाशी जरा रेंगाळलो. इतक्या वेळा अभिमानाने घेतलेलं हे नाव, आणि त्या माणसाच्या घरात तेव्हा काय चाललं होतं याचा विचार आम्ही कधी केला नव्हता. अम्मींनी कुणासाठी ते न सांगता ओठांतल्या ओठांत फातिहा पढली. मधली तोवर चिवड्यातले पोहे वेचून ओट्यावर मांडत होती. तिचं म्हणणं, त्या चिमण्यांची नातवंडं असतील की.

दुपार उतरल्यावर पाथर्डी रस्त्याने शहा डोंगर. महाल गावातून रोज दिसतो, पण जवळ गेल्यावर मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं. तीन मजली, अष्टकोनी, नक्षी अशी काही नाहीच. कमानींतून वारा घोंघावतो. मुलांनी आरोळ्या ठोकून घुमणारा आवाज ऐकला. सगळं गाव ह्याला चांदबिबीचा महाल म्हणतं, पण ही कबर आहे निजामशाहीचा वजीर सलाबतखान याची. चांदबिबीचा इथे काही संबंध नाही. हे थोरल्याला सांगितलं तर तो वैतागला. "मग त्याचं नाव का नाही?" लोकांना ती जास्त आवडली असेल, एवढंच आम्हाला सुचलं.

मग चांदबिबीची गोष्ट आलीच. १५९५ साली मोगलांनी किल्ल्याला वेढा दिला, सुरुंग लावून तट फोडला आणि बाईने उभं राहून रातोरात खिंडार बुजवून घेतलं. पुढे वऱ्हाड देऊन तह करावा लागला आणि १६०० मध्ये आपल्याच माणसांनी तिला मारलं. थोरल्याने शांतपणे ऐकून घेतलं. "मोगल मुसलमान ना?" हो. "चांदबिबी पण?" हो. "मग आपण कोणत्या बाजूला होतो?"

दोन दिवसांची आमची सगळी तयारी तिथे संपली. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. अम्मी पायरीवर धाकटीला भात भरवत होत्या, त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

"अपन पिंजारी बेटा. कौन-सी बाजू? राजा कोई भी आया तो उसको गादी-रजाई लगतीच है."

थोरला हसायला लागला. किल्ल्यातल्यांच्या पण? किल्ल्यातल्यांच्या पण, अन् वेढा घालणाऱ्यांच्या पण, थंडी काय एकट्या राजालाच वाजते? मग त्या सांगत राहिल्या. त्यांचे सासरे खांद्यावर पिंजण टाकून भिंगारपासून जेऊरपर्यंत गावोगाव फिरायचे. सुगी झाली की बायका जुन्या गाद्या अंगणात काढून त्यांची वाट बघायच्या. कापसाचे तंतू भुवयांत अडकून घरी येताना ते म्हातारे दिसायचे. धुनकण्याचं काम मशीनवर गेलं आणि आमच्या अब्बांनी कापडाच्या दुकानात नोकरी धरली. हे आम्हालाही तुकड्या-तुकड्यांनीच ठाऊक होतं. खरं सांगायचं तर मुलाला पहिल्याच दिवशी हे सांगायचं आम्हाला सुचलं नाही. वजीर सुचला, मौलाना सुचले, परमवीरचक्र सुचलं.

घरी आल्यावर थोरल्याने माळ्यावरून पिंजण काढायला लावलं. त्याच्या उंचीहून लांब लाकूड, त्यावर सैल झालेली तात. अम्मींनी ती ताणून दिली आणि त्याने बोटाने छेडली तशी धाकटी दचकून जागी झाली. सोमवारी त्याला ते शाळेत न्यायचं होतं, बाकावरच्या मित्राला दाखवायला. रिक्षात काही ते मावेना. रिक्षावाले चाचा दोन-तीनदा आडवं-उभं करून थकले, मग टपावर घालून सुतळीने बांधलं. गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत ते बाहेर आलेलं दिसत होतं.