साठचा चार्जर, तिशीची गाडी

माझं माहेर कोल्हापूरचं, त्यामुळे पुणे-कोल्हापूर हा आमचा सवयीचा रस्ता. गाडी नेक्सॉन ईव्ही, बॅटरी 40.5 किलोवॅट-तासांची. खंबाटकीचा चढ, महामार्गाचा वेग आणि एसी धरला तर पूर्ण चार्जवर कोल्हापूर जेमतेम गाठता येतं. म्हणून सातारा किंवा कऱ्हाडच्या आसपास थांबावं लागतं. फोनमध्ये टाटा पॉवर, स्टॅटिक, चार्जझोन, जिओ-बीपी आणि कितीतरी लहानसहान कंपन्यांची ॲप साठली आहेत ती यामुळेच.

सोसायटीत मला युनिट 9-10 रुपयांना पडतं. रस्त्यावर तेच 18 पासून 25 पर्यंत जातं. काही ॲपवर दिसणारा दर जीएसटी सोडून असतो; त्यावर 18 टक्के चढले की अठराचे सव्वाएकवीस होतात. दोन कंपन्यांचे दर ताडून बघताना आधी एवढं तपासावं.

वेगाबद्दल मात्र लोकांचा फार गैरसमज आहे. चार्जरवर 60 किलोवॅट लिहिलेलं असलं तरी किती वीज घ्यायची हे गाडी ठरवते. माझी गाडी तीस-बत्तीसच्या वर घेताना मी पाहिलेली नाही. महिंद्राची मोठ्या बॅटरीची बीई 6 जवळजवळ 175 किलोवॅट घेऊ शकते. तिला 180 चा चार्जर मिळाला तर चहा-नाश्ता होईपर्यंत काम होतं. तिथे युनिटमागे चार रुपये जास्त मोजून माझ्या पदरात काहीच पडत नाही. साठच्या चार्जरला बहुधा दोन गन असतात आणि दुसरी गाडी लागली की बऱ्याच ठिकाणी वीज तीस-तीस अशी विभागली जाते. माझं त्यात फारसं बिघडत नाही, मोठ्या बॅटरीवाल्याचा खोळंबा होतो. ऐंशी टक्क्यांनंतर तर वेग इतका उतरतो, की मागे कोणी थांबलं असेल तर गन काढून निघावं हेच बरं.

माझ्या गाडीला तीस ते ऐंशी टक्के म्हणजे साधारण वीस युनिट आणि पाऊण तास लागतो. स्वस्त आणि महाग चार्जरमधला फरक एका थांब्याला शे-सव्वाशे रुपयांचा.

त्याहून कितीतरी महाग पडतो तो बंद चार्जर. एकदा ॲपवर ‘उपलब्ध’ दिसणारा चार्जर प्रत्यक्षात मेलेला निघाला. सोबत आई, रणरणतं ऊन, बॅटरी अठरा टक्क्यांवर. पुढच्या ठिकाणी कंपनी वेगळी, ॲप नवं, आणि रेंज नसल्यामुळे ओटीपी येईना. आला, तर वॉलेटमध्ये किमान पाचशे भरल्याशिवाय पुढे जाता येईना. भरले, तरी चार्जर ढिम्म. शेवटी तिथल्या वॉचमनकाकांनी येऊन लाल इमर्जन्सी बटण फिरवून सोडवलं. कुणा पोराने ते दाबून ठेवलं होतं. अशा जाणत्या माणसावर माझा ॲपपेक्षा जास्त भरवसा आहे, आणि प्रत्येक चार्जिंग स्टेशनवर तो असायलाच हवा. बिल पाचशेपेक्षा बरंच कमी झालं. उरलेले पैसे वॉलेटमध्येच अडकून पडले.

आता दर मी सर्वांत शेवटी बघते. आधी बघते ते किमान दोन गन आहेत का, त्या दिवशी तिथे कोणी चार्ज केल्याची नोंद आहे का, आणि जवळ स्वच्छतागृह आहे का. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत सार्वजनिक चार्जिंगसाठी 2,000 कोटी रुपये ठेवले आहेत. ते वाटताना सरकारने दोन अटी घालाव्यात: बंद चार्जर ॲपवर बंदच दिसला पाहिजे, आणि पेट्रोल पंपावर देतो तसे पैसे थेट यूपीआयने देता आले पाहिजेत, वॉलेटची सक्ती नको.