सड्याचे रंग

आज पुन्हा रत्नागिरीचा सडा, म्हणजे जांभ्याचं कातळपठार, रंगवायला घेतला. जांभ्याचा लालसर तपकिरी सहज जमतो. अडतं ते श्रावणाशी. लहानपणी तिथे ‘सीतेची आसवं’ या फुलांचा जांभळा गालिचा पसरायचा, मधूनमधून गेंदाच्या फुलांचे पांढरे ठिपके. इवल्याशा मातीवर जगणारी सीतेची आसवं बारीक जीव खातात, हे कळल्यावर आम्ही तासन्‌तास पालथे पडून त्यांच्याकडे पाहत राहायचो.

आता काही सड्यांवर जांभ्याच्या चिरेखाणी आहेत, काहींवर सुरुंगाने खड्डे पाडून, बाहेरची माती भरून लावलेल्या हापूसच्या बागा. गंमत म्हणजे आमचं घरही चिऱ्याचंच, आणि हापूस तर आवडीचा. त्यामुळे चित्रात कुणाला खलनायक करता येत नाही.

नुसती फुलं काढली तर भेटकार्ड होतं, नुसती खाण काढली तर तक्रारअर्ज. मग कातळशिल्पं आठवतात. याच जांभ्यावर कुणीतरी गेंडा कोरला. आज कोकणात गेंडा नाही, रेषा आहे. त्या हातांनी शोक केला नसावा, समोरचं नीट पाहिलं असावं. मीही फूल आणि खाण एकाच कागदावर घेणार, दोन्ही तितक्याच निगुतीने.