गाढवाचे पाय धरताना

मराठीत गाढव हा प्राणी कमी आणि उपमान अधिक आहे. त्याला गुळाची चव नसते, त्याच्यापुढे वाचलेली गीता वाया जाते आणि अडलेल्या हरीला त्याचे पाय धरावे लागतात. शिलाहार-यादवांच्या काळातील दानलेखांच्या शिळांवर, दान मोडणाऱ्याला द्यावयाच्या शापासाठीही गाढवच कोरलेले आढळते. अभ्यासक त्या शिळांना गधेगाळ म्हणतात. म्हणजे कोरीव मराठीच्या आरंभकाळापासून गाढव आपल्यासोबत आहे, पण ते दुसऱ्या कोणाला तरी काही सुनावण्यापुरते. तीस वर्षे मराठी शिकवूनही ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. ती येण्यासाठी एक गाढवीण घरी यावी लागली.

आमच्या घरामागे कुंभारांची चार घरे आहेत. त्यांतल्या आबांनी ढवळीला जेजुरीच्या पौष पौर्णिमेच्या बाजारातून आणले होते. त्या बाजारात काठेवाडी गाढवेही येतात. कुंभार, वडार, कैकाडी, बेलदार, परीट अशा अनेक जमातींची माणसे तेथे गाढवाचे दात पाहून वय ठरवतात आणि मग भाव. पुढे आबांच्या मुलाने माती वाहण्यासाठी टेम्पो घेतला आणि ढवळी रिकामी झाली. तशी ती एकटीच नव्हे. देशातील गाढवांची संख्या २०१२च्या पशुगणनेत सुमारे ३ लाख २० हजार होती, ती २०१९मध्ये सुमारे १ लाख २४ हजारांवर आली. सात वर्षांत साठ टक्क्यांहून अधिक घट झाली.

दिवाळीनंतर आबा गुडघ्याच्या उपचारासाठी लेकीकडे निघाले, तेव्हा ढवळीचे दावे माझ्या हाती देत म्हणाले, "मास्तर, कडबा टाका, पाणी दाखवा. लाड करू नका." त्यांचे शेवटचे वाक्य मला कठोर वाटले. जन्मभर ओझी वाहिलेल्या जनावराविषयी इतकी कोरडी सूचना! मी ठरवले की आता हिचे दिवस पालटायचे.

ढवळीला गुळाची चव आहे की नाही, हे मी पहिल्याच संध्याकाळी पाहिले. तिने खडा चाटूनपुसून खाल्ला आणि पुन्हा तळहात हुंगला. शतकानुशतकांची म्हण खोटी पडल्याचा आनंद मला झाला. त्यानंतर रोज गूळ, त्याबरोबर पेंड, उरलेल्या पोळ्या, भिजवलेले धान्य. ती दिसामाजी भरत गेली. मानेवर आयाळीखाली मांसाचा जाड वळ उठला, तो मी येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवीत असे.

त्याच सुमारास मी वर्गात लक्ष्मण माने यांचे १९८० साली प्रसिद्ध झालेले 'उपरा' शिकवीत होतो. त्यातले कैकाडी कुटुंबाचे बिऱ्हाड गाढवांच्या पाठीवर गावोगाव फिरते. मी गाढवाच्या प्रतीकावर सविस्तर बोललो. उदाहरणादाखल घरच्या ढवळीचे वर्णनही केले: ती तासन्‌तास एका जागी उभी राहते, हाक मारली तरी हलत नाही, कुरकुर नाही की तक्रार नाही, सोशिकतेचा असा नमुना मी पाहिला नाही. मुलांनी ते वहीत उतरवून घेतले. तास संपल्यावर, वर्ग थंड बसला म्हणून, प्राध्यापकांच्या खोलीत मी नेहमीची म्हण उच्चारली, गाढवापुढे वाचली गीता. सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी घरी आला. त्याच्या आजोबांचे बिऱ्हाड गाढवांवरून फिरलेले होते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. त्याने ढवळीकडे पाहिले, मग तिच्या पायांकडे, आणि म्हणाला, "सर, ही सोसत उभी आहे. हिचे पाय दुखतायत." ती पुढच्या एका पायावरचा भार काढून दुसऱ्यावर टाकीत होती, पुन्हा पहिल्यावर. ते मी रोज पाहत होतो. मला ते डोलणे वाटले होते.

पशुवैद्यांनी प्रथम मानेवरचा तो वळ दाबून पाहिला. मग खुरांवर हात ठेवला, ते गरम होते. गोड आणि पिष्टमय खाण्याने खुराच्या आतला मऊ थर सुजतो, खूर तर वाढून फुगण्याजोगा नसतो, आणि त्या कोंडलेल्या सुजेवर जनावराला उभे राहावे लागते. गाढव मूळचे आफ्रिकेतल्या रुक्ष प्रदेशातले. वाळलेल्या, निकस चाऱ्यावर तगण्यासाठीच त्याचे पोट घडलेले आहे. घोडा दुखणे चटकन दाखवतो, गाढव बहुधा लपवते. ते खाणे सोडते तेव्हा दुखणे बरेच पुढे गेलेले असते. भीती वाटली तरी उधळण्याऐवजी ते जागीच थबकते, आणि आपण त्याला हट्टी म्हणतो. डॉक्टरांनी वेदनाशामक दिले, धनुर्वाताची लस टोचली, गूळ-धान्य बंद करून कडबा आणि गव्हाचे काड सांगितले, पायांखाली मऊ अंथरायला लावले. उपाशी मात्र मुळीच ठेवू नका, असेही बजावले. लठ्ठ गाढवाचे खाणे एकाएकी तुटले तर अंगातली चरबी रक्तात उतरून ते दगावू शकते. पावसात उघड्यावरही ठेवायचे नाही. त्याचे केस घोड्यासारखे पाणी झटकत नाहीत.

ढवळी बरी होण्यास दोन महिने लागले. वाढलेले खूर तासणे आवश्यक होते. बैलांना पत्री मारणारा नालबंदही आता आमच्याकडे येत नाही. डॉक्टरांनी एकदा करून दाखवले आणि पुढे तो विद्यार्थी कानस घेऊन येऊ लागला. त्याने मला शिकवले. तिच्या शेपटीकडे तोंड करून बाजूला उभे राहावे, खांद्यापासून हात हळूहळू खाली न्यावा, पाय फार उंच उचलू नये, बाहेर ओढू नये. आणि पटकन खाली ठेवावा, कारण एक पाय उचलला की तिचा भार दुसऱ्या दुखऱ्या पायावर जातो. हे सगळे त्याला आजोबांकडून मिळाले होते. "वर्गात का बोलला नाहीस?" मी विचारले. तो कानस चालवीत म्हणाला, "सर, तुम्ही प्रतीक विचारलं होतं."

नाथांची कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. रामेश्वराला नेत असलेली गंगेची कावड त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी केली. मी ती कथा नेहमी भूतदयेची म्हणून सांगत आलो. आता मला त्यात आधीची एक पायरी दिसते. गाढव तहानलेले आहे हे नाथांना कळले होते, आणि त्यांनी त्याला पाणीच दिले. माझ्या दयेत ती पायरी नव्हती. मी म्हणीला उत्तर देत होतो. ढवळी निमित्त होती. तिला गाढव म्हणून हिणवणारे आणि सोशिक म्हणून गौरवणारे, दोघांनीही तिच्या पायांकडे पाहिले नव्हते.

होळीच्या सुमारास आबा परतले. त्यांनी ढवळीच्या मानेवरून हात फिरवला आणि एवढेच विचारले, "मास्तर, गूळ दिलात?" मी होय म्हटले. ते आणखी काही बोलले नाहीत. गुडघ्यांमुळे तिचे करणे त्यांना आता झेपणार नव्हते, म्हणून ती माझ्याकडेच राहिली.

चांगली निगा राखली तर गाढव तीस वर्षेही जगते. दर दीड-दोन महिन्यांनी तिचे खूर तासावे लागतात. मी शेपटीकडे तोंड करून उभा राहतो आणि खांद्यावरून हात खाली नेतो. ती बहुतेक वेळा पाय देते. देत नाही तेव्हा मी कानस खाली ठेवतो आणि ती कोणत्या पायावर उभी आहे, ते पाहत बसतो.