'चायना' या विशेषणाचं काय करायचं?

भाषा शिकवणाऱ्याला शब्दांचा हिशेब ठेवायची सवय लागते. आमच्या नालवाडीत, शेजारच्या वर्ध्यात, 'चायना' हे देशाचं नाव कमी आणि विशेषण जास्त आहे. मराठीत 'चायना माल', आमच्या घरातल्या बोलीत 'चायना का है'. आधी ते खेळण्यांना लागलं, मग दिव्यांच्या माळांना, मग मोबाइलला, आणि शेवटी माणसांनाही. दिलेला शब्द न पाळणारा माणूस म्हणजे चायना माल. त्याच्या जोडीला ती म्हण आहेच : चले तो चांद तक, नहीं तो शाम तक.

अलीकडे मात्र हा शब्द उच्चारणाऱ्याच्या हातातच चीनमध्ये तयार झालेला किंवा चिनी कंपनीचा फोन असतो. तो चांगला तीन-चार वर्षं चाललेला असतो आणि मालक त्यावर खूश असतो. घरात उमराहून कुणी आलं की तसबीह मोजायचं छोटं यंत्र वाटतात, ते मक्केहून येतं, पण मागे 'मेड इन चायना' असतं. अज़ानचं घड्याळ, कुरआन ऐकवणारा स्पीकर, रमज़ानमध्ये मोहल्ल्यात लागणाऱ्या दिव्यांच्या माळा, बहुतेक सगळं तिकडचंच. वस्तू बदलली, शब्द मागे राहिला. भाषेत असं होतं. पण या वेळी त्याचा विचार करावासा वाटतो, कारण त्या बदलात आपल्यासाठी एक धडा आहे.

आधी माझ्या विषयातलं उदाहरण सांगते. मी उर्दू आणि मराठी शिकवते. वर्गात वापरायला तळहातावर मावेल असा एक ब्लूटूथ स्पीकर घेतला, सहाशे रुपयांच्या आतला. स्पीकर कसा आहे हे लोक गाणं लावून बघतात, मी हर्फ लावून बघते. उर्दूत 'जलील' म्हणजे थोर आणि 'ज़लील' म्हणजे अपमानित. फरक फक्त जीम आणि ज़ाल यांचा. मराठीतही 'चार'मधला च आणि 'चारा'मधला च वेगळा, हे आमच्या मुलांना कानानेच शिकावं लागतं, कारण लिहिताना दोन्ही सारखेच. स, ज़, फ़ या आवाजांची ओळख त्यांच्या वरच्या, बारीक कंपनांत असते. जुन्या टेलिफोनवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जायचा. म्हणून तर नाव सांगताना 'स, सशाचा' असं म्हणावं लागायचं. स्वस्त स्पीकरांचीही तीच गत असायची. नुसता दणदणाट, आणि थोर माणूस अपमानित झाला तरी कळायचं नाही. या छोट्या डबीतून मात्र जीम आणि ज़ाल वेगवेगळे ऐकू येतात, अगदी मागच्या बाकावरही. सहाशे रुपयांत हे मिळणं ही साधी गोष्ट नाही.

पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे 'चायना मोबाइल' अनेकांना आठवत असतील. दोन सिम, टॉर्च, टीव्हीची अँटेना आणि लग्नाच्या वरातीला पुरेल एवढा आवाज. बिल नाही, गॅरंटी नाही. अनेकांना धड ओळख क्रमांकही नव्हता, म्हणून २००९च्या शेवटी सरकारने आयएमईआय नसलेले फोन बंद करायला लावले. असल्या नकली मालाला खुद्द चिनी लोकांचाही एक शब्द आहे : 'शानझाई', म्हणजे डोंगरातला बंडखोरांचा किल्ला. त्यांनाही आपण काय बनवतो आहोत हे ठाऊक होतं.

मग हा माल सुधारला कसा? चमत्काराने नाही. १९८०मध्ये हाँगकाँगला लागून असलेल्या शेनझेनला विशेष आर्थिक क्षेत्राचा दर्जा मिळाला. २०२०च्या जनगणनेत त्या शहरात सुमारे पावणेदोन कोटी लोक होते. मधल्या चाळीस वर्षांत तिथल्या हातांनी साऱ्या जगाचा माल जोडला. आधी दुसऱ्यांच्या नावाने, दुसऱ्यांच्या नकाशावर. तैवानच्या मीडियाटेक कंपनीने फोनचं मुख्य काम करणारी चिप आणि सोबत तयार आराखडा विकायला सुरुवात केली, तेव्हा छोट्या कारखानदारालाही फोन बनवता येऊ लागला. त्यातूनच शानझाई फोनचा पूर आला. पण त्याच पुरात हजारो लोक पडदा, बॅटरी, साचा, स्क्रू यांचं काम शिकले. हे सगळं एकाच शहरात मिळत असल्याने सकाळी सापडलेली चूक संध्याकाळपर्यंत सुधारता येऊ लागली. पुढे शाओमीसारख्या कंपन्या स्वतःच्या नावाने उभ्या राहिल्या. २०१० साली सुरू झालेली ही कंपनी जुलै २०१४मध्ये भारतात आली आणि २०१७च्या अखेरीस इथल्या स्मार्टफोनविक्रीत अव्वल ठरली. ऑनलाइन खरेदीनेही एक काम केलं. 'चेक करून न्या, नंतर बोलायचं नाही' म्हणणाऱ्या बाजारात खराब वस्तू बदलून मिळू लागली. खराब माल परत घेणं बनवणाऱ्यालाच महाग पडायला लागलं, की तो बनवताना लक्ष देतो.

इतिहासात हे पहिल्यांदा घडलेलं नाही. १८८७मध्ये इंग्लंडने कायदा करून परदेशी मालावर देशाचं नाव छापायला लावलं. हेतू हा, की जर्मनीचा हलका माल लोकांना ओळखता यावा आणि त्यांनी तो टाळावा. थोड्याच वर्षांत 'मेड इन जर्मनी' ही शिफारस झाली. जपानी मालही एके काळी कचकड्याचा म्हणून हिणवला जायचा. १९५०मध्ये जपानी इंजिनिअरांनी डेमिंग या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाला बोलावून दर्जा कसा राखायचा ते शिकून घेतलं आणि पुढच्याच वर्षी त्याच्या नावाने पारितोषिक सुरू केलं. आमच्या अब्बांच्या पिढीला जपानी रेडिओची किती ओढ होती, ते आम्ही पाहिलं आहे. म्हणजे देशाच्या नावाला चिकटलेली शिवी पुसता येते. मात्र ती भाषणांनी पुसली जात नाही, शिकून पुसावी लागते.

स्वस्त आणि टिकाऊ या दोन शब्दांची खरी किंमत गरिबाच्या घरात कळते. २०२०च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि शाळा फोनमध्ये गेली. आमच्या वर्गातल्या मुलांचे वडील हमाली करतात, शिवणकाम करतात, हातगाडी लावतात. त्यांनी उसने पैसे काढून सहा-सात हजारांचे फोन घेतले. एका फोनवर तीन भावंडं शिकली. आधी मोठ्याचा वर्ग, मग मधलीचा, आणि रात्री अब्बा झोपल्यावर धाकटीचा गृहपाठ. त्याच जूनमध्ये गलवानला आपले वीस जवान शहीद झाले, २९ जूनला सरकारने ५९ चिनी ॲप बंद केली आणि बहिष्काराच्या घोषणा सुरू झाल्या. अशा चर्चेत आमच्यासारख्यांना चारचौघांपेक्षा जरा जास्त जोरात बोलावं लागतं, हे इथल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. पण त्या दिवसांत एकाही आईने फोन फेकला नाही, आणि कुणी फेकायला सांगितला असता तर मी त्या आईची बाजू घेतली असती. दहा हजारांच्या आत तेवढाच चांगला दुसरा पर्याय दुकानात क्वचितच होता.

म्हणून सगळं गोड आहे असं मात्र नाही. २०१०मध्ये शेनझेनच्या फॉक्सकॉन कारखान्यात दहाहून अधिक तरुण कामगारांनी आत्महत्या केल्या आणि इमारतींभोवती जाळ्या लावण्याची वेळ आली. शिनजियांगमधल्या उइगुर मुसलमानांकडून सक्तीने काम करून घेतलं जातं, असे आरोप आहेत. चीन ते नाकारतो. अमेरिकेने डिसेंबर २०२१मध्ये त्यासाठी कायदा केला : शिनजियांगचा माल सक्तीच्या श्रमाशिवाय बनला आहे हे आधी सिद्ध करा, मगच आत आणा. तसबीह मोजणारं यंत्र बोटात घालताना हे आठवलं पाहिजे. पैगंबरांनी (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घातला आणि आतलं धान्य ओलं निघालं, ती हदीस आपल्याला माहीत आहे. रास वरून जशी दिसते तशीच आत असावी, हा तिचा अर्थ. वस्तू कोणाच्या घामावर उभी आहे, हाही तिचा आतला भागच ना?

दुसरी अडचण दुरुस्तीची. माझा भाचा मोबाइल दुरुस्त करतो. वर्ध्यात आणि गावोगावी या धंद्यात आपली पुष्कळ मुलं आहेत. तो म्हणतो, "फुफी, पहले माल खराब था, लेकिन खुलता था. अब अच्छा है, लेकिन चिपका हुआ है." कानात घालायच्या बिनतारी बोंड्यांना स्क्रूच नसतो. आतली बॅटरी तीनशे-पाचशे वेळा चार्ज झाली की दमायला लागते. ती बदलायला जावं तर डबीच फुटते. बाकी सगळं शाबूत, पण वस्तू कचऱ्यात. युरोपीय संघाने २०२३मध्ये नियम केला, की फेब्रुवारी २०२७पासून अशा उपकरणांच्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता आल्या पाहिजेत. म्हणजे हे अशक्य नाही, कुणीतरी अट घालावी लागते.

अट घालण्याची गोष्ट निघाली की नालवाडीत राहणाऱ्याला दूर जावं लागत नाही. १९२९मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. अटी अशा : किंमत दीडशे रुपयांपेक्षा जास्त नको, झोपडीत बसून एका बाईला न थकता आठ तास चालवता यावा, तेवढ्या वेळात सोळा हजार वार सूत निघावं, यंत्र वीस वर्षं टिकावं आणि दुरुस्तीचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. ते बक्षीस कुणालाच मिळालं नाही. पण अटी पुन्हा वाचून बघा. स्वस्त, टिकाऊ, दुरुस्त होणारं, आणि वापरणाऱ्याच्या अंगाला झेपणारं. चांगल्या वस्तूची याहून नेमकी व्याख्या मला माहीत नाही. आजची चिनी डबी यातल्या किमतीच्या आणि कामाच्या अटीत पहिल्या वर्गात पास होते. दुरुस्तीच्या अटीत नापास.

विनोबा पवनारला जाण्याआधी, १९३०च्या दशकात, याच नालवाडीत राहत होते आणि सूतकताईच्या मजुरीवर जगून बघत होते. जो हात काम करतो त्याला पोटापुरतं मिळतं का, हे त्यांना स्वतःच्या ताटात मोजायचं होतं. ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. ज़ाकिर हुसैन, पुढे देशाचे राष्ट्रपती झाले ते. मुलाने हाताने काहीतरी खरं बनवावं आणि त्यातूनच गणित, भाषा, विज्ञान शिकावं, हा नई तालीमचा गाभा. शिकवण्यापुरतं दाखवायचं काम नको, काम उत्तम झालं पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. बी.एड.ला आम्ही हे पाच गुणांच्या टिपेसाठी पाठ केलं. शाळेत त्याचं रूप उरलं ते 'कार्यानुभव' : आठवड्याचा तास, कागदाची फुलं आणि वर्षाच्या शेवटी सगळ्यांना सारखे गुण.

चीनपर्यंत जावं लागलं तरी जा आणि इल्म मिळवा, हे वचन मकतबापासून आपण ऐकत आलो. हदीसच्या जाणकारांनी त्याची परंपरा कमकुवत, काहींनी तर रचलेली ठरवली आहे, तेव्हा ते पैगंबरांच्या (स.) नावावर सांगू नये. पण आपल्या समाजाने ते इतकं जपलं, तर निदान त्याची गंमत तरी ध्यानात यावी. आपण चीनपर्यंत पोहोचलो, माल घेऊन आलो आणि इल्म तिथेच ठेवून आलो. आपली मुलं फोन विकतात, फोन दुरुस्त करतात, पार्सलं घरोघर पोहोचवतात. फोन बनवणाऱ्यांत ती फार थोडी. हुनर त्यांच्या बोटांत आहेच. त्याच्या मागचं गणित आणि भौतिकशास्त्र त्यांच्यापर्यंत पोहोचवणं आमचं, शाळांचं काम आहे. आठवीत शाळा सोडून दुकानात बसलेला मुलगा चिप बदलू शकतो, ती का जळली हे मात्र त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

यंत्र बाहेरून येईल, पण आपली लिपी आणि आपला शब्द त्यात बाहेरून येणार नाही. आजही अनेक फोनवर उर्दू नस्तालीकऐवजी नस्ख वळणात दिसते आणि मुलांना आपलंच पुस्तक वेगळं वाटतं. तक्रार कोणाकडे करायची? जे बनवतात त्यांना आपली गरज दिसत नाही, आणि ज्यांना गरज दिसते ते बनवत नाहीत.

कार्यानुभवच्या तासाला मी आता मुलांना घरातली बंद पडलेली उपकरणं आणायला सांगते. फुगलेल्या बॅटरीला हात लावायचा नाही, हा पहिला नियम. भाचा अधूनमधून येतो, स्क्रू ड्रायव्हर फिरवतो, मुलं आतलं बघतात. माझं काम शब्दांचं. स्पीकर उघडला की फळ्यावर दोन रकाने : चुंबक – मक़नातीस, तार – तार, पडदा – पर्दा. अर्धे शब्द दोन्ही भाषांत एकच निघतात, याचं मुलांना फार नवल वाटतं. परवा एका मुलीने जळलेल्या चार्जरच्या आत बोट दाखवून विचारलं, "मॅडम, इथे एक भाग बसवायची जागा केली आहे, पण बसवलाच नाही. का?" भाचा म्हणाला, पैसे वाचवायला, तो भाग वीज वाढली तर चार्जर वाचवणारा होता.

म्हणजे वाईट माल आजही आहे, चांगला मालही आहे आणि दोन्ही एकाच देशातून येतात. फरक पाहायला डबी उघडावी लागते. तेव्हा 'चायना' हे विशेषण आता मोडीत काढावं. त्याच्या जागी 'उघडून पाहिलं का?' हा प्रश्न ठेवावा, वस्तूंसाठी आणि माणसांसाठीही. आणि घरात एखादा बंद पडलेला स्पीकर असेल तर भंगारात देऊ नका. जवळच्या शाळेत द्या.