हाडाला हवी जागा आणि सवड

दात काढला की त्याखालचे हाड हळूहळू झिजते आणि पहिल्या वर्षात ही झीज सर्वाधिक असते. म्हणूनच इम्प्लांट बसवू इच्छिणाऱ्या अनेक ज्येष्ठांना ‘आधी हाड वाढवावे लागेल’ असे सांगितले जाते. तो कागद घेऊन ते माझ्याकडे येतात आणि विचारतात, “डॉक्टर, या वयात हाड वाढते का हो?”

वाढते, मात्र त्याला जागा आणि सवड द्यावी लागते. जखम भरताना हिरडी झपाट्याने वाढते, हाड संथपणे. रिकामी जागा हिरडीने आधीच व्यापली, तर हाडाला वाव उरत नाही. म्हणून दंतवैद्य तेथे ‘बोन ग्राफ्ट’, म्हणजे हाडाचे बारीक कण भरतात आणि वर पातळ पडदा पसरतात. कोवळ्या रोपाला कुंपण घालावे, तसा तो हिरडीला आत येऊ देत नाही. नवे हाड तयार होण्यास साधारणतः ४ ते ६ महिने, क्वचित अधिक काळ लागतो. हे कण व पडदा कित्येकदा गाय-बैल वा डुकरापासून मिळवलेले असतात. आपल्या श्रद्धेस ते मानवणारे नसेल, तर आधीच विचारावे. कृत्रिम पर्यायही असतात.

माझा खरा आग्रह वेगळाच आहे. मध्यंतरी एका आजींनी रक्तदाब, मधुमेह अशा सगळ्या गोळ्या दंतवैद्यांना सांगितल्या. हाडांच्या ठिसूळपणासाठी वर्षातून एकदा घेतलेले इंजेक्शन तेवढे राहून गेले. “त्याचा दातांशी काय संबंध?” असे त्यांना वाटले. संबंध आहे. अशी इंजेक्शने किंवा आठवड्याची गोळी घेणाऱ्यांत, क्वचित का होईना, शस्त्रक्रियेनंतर जबड्याचे हाड उघडे पडून भरून येत नाही. कर्करोगासाठी मोठ्या मात्रेत ही औषधे घेणाऱ्यांना हा धोका अधिक असतो.

तरीही कोणतेही औषध परस्पर बंद करू नका. दर ६ महिन्यांचे डेनोसुमॅब लांबवल्यास मणक्यांचे अस्थिभंग होऊ शकतात. रक्त पातळ ठेवणारी गोळी सोडल्यास पक्षाघात ओढवू शकतो. निर्णय दोन्ही डॉक्टरांनी मिळून घ्यावा. साखर आटोक्यात आणावी, तंबाखू सोडावी.

घरच्यांनी एवढे करावे : सर्व औषधे आणि इंजेक्शनांच्या तारखा एका कागदावर लिहून तो सोबत न्यावा. आणि सारे ऐकून आपण ‘मला कवळीच बरी’ असे ठरवलेत, तर त्यात कमीपणा मुळीच नाही. घास नीट चावता यावा, एवढेच तर आपल्याला साधायचे आहे.